सुकाजीच्या मागे बसून

आयुष्यभर काय काम केलं असं कुणी विचारलं की मी सांगतो, एक सूर वाजवला. दोन नाही, एकच. ऐकणारा हसतो. मग त्याला विचारावं लागतं, की बाबा, लग्नात सनई ऐकलीस ना? सनईवाला पुढे बसतो, त्याची बोटं पळतात, मान डोलते, सगळे त्याच्याकडे बघतात. त्याच्या मागे, जरा डाव्या हाताला, आणखी एक जण गाल फुगवून बसलेला असतो. त्याच्याही हातात सनईच असते, पण तिची भोकं मेणानं बुजवलेली असतात आणि त्याची बोटं हलत नाहीत. पाहुण्यांना वाटतं हा झोपला. तो मी.

त्या एका सुराला आम्ही नुसतं 'सूर'च म्हणतो. सनईवाला त्याच्यावर पाय रोवून वाजवतो, म्हणून तो तुटता कामा नये. एक श्वास संपला, आता दुसरा घेऊ, असं चालत नाही. गालात साठवलेली हवा बाहेर ढकलत असतानाच नाकानं नवी आत ओढायची. हे शिकायला मला आठ महिने लागले. पाण्यानं भरलेल्या गडव्यात बोरूची नळी बुडवून फुंकत बसायचं आणि बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत, एवढाच धडा. एका दुपारी ते थांबलेच नाहीत. मला इतका आनंद झाला की मी हसलो आणि गडव्यातलं पाणी नाकातोंडात गेलं.

हे लिहितात ते आमच्या अमरावतीच्या राजापेठेतले मास्तर. दिवाळीला अंक काढायचा आहे, वकिलाचं झालं, वैद्याचं झालं, आता वाजंत्र्याचं हवं म्हणाले. मी बोलतो, ते उतरवतात. माझं 'मले-तुले' त्यांनी 'मला-तुला' केलं, त्याला माझी हरकत नाही. बाकीच्यांचं बोलणं मात्र मी त्यांना बदलू दिलेलं नाही. मी ज्याच्यामागे बसलो तो सुकाजी उस्ताद शुद्ध बोलला असता तर मी त्याला ओळखलाच नसता.

सुकाजी मला पहिल्यांदा भेटला तो चांदूर बाजारच्या एका लग्नात, आणि भेटला म्हणजे आधी ऐकू आला. मी तेव्हा मुलीकडच्या ताफ्यात होतो. आमचे म्हातारे सनईवाले स्वभावानं लोणी. मला जेवताना आपल्या ताटातलं उचलून द्यायचे. ते मांडवाच्या दाराशी वाजवत होते, मी मागे सूर धरला होता, आणि नवरदेवाची मिरवणूक वेशीतून आत येत होती. मिरवणुकीत एक सनई होती. तिच्यामागे सूर धरणारा नव्हता, तो म्हणे बडनेऱ्यालाच भांडून निघून गेला होता. त्या सनईवाल्यानं दुरून माझा सूर ऐकला आणि तिथूनच त्याच्यावर वाजवायला लागला.

मास्तर, हे कसं सांगू? माझ्या घरात मी बसलोय आणि कुणीतरी भिंत न पाडता आत येऊन माझ्याच चुलीवर स्वयंपाक करू लागला, असं झालं. आणि काय तो स्वयंपाक! एका जागेवरून निघायचा, वाटेल तिकडे हिंडायचा, आता हा परत येत नाही असं वाटेपर्यंत लांब जायचा, आणि नेमका माझ्या सुरावर येऊन असा टेकायचा की माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे. आमचे म्हातारे गोंधळले, थांबले. मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. मिरवणूक दारात येईपर्यंत मी माझ्या माणसाचा सूर दुसऱ्याला देत बसलो होतो.

पंगत चालू असताना तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. उंच, काळा, दात फार सुंदर. म्हणाला, "उद्यापासून माह्याकडे." विचारलंसुद्धा नाही. मी म्हाताऱ्यांना न सांगता दुसऱ्या दिवशी अमरावतीला त्याच्याकडे गेलो. सुकाजीच्या पापांचा पाढा मी पुढे वाचणार आहे, म्हणून आधी माझं हे एक सांगून टाकलं.

तेव्हा वऱ्हाडात कापसाचे दिवस होते. समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता, आणि विलायतेतल्या गिरण्या आमच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसल्या होत्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळायचं, की ज्याच्या घरच्या लग्नात पूर्वी एक डफडं वाजायचं, त्याला आता सनई, सूर, संबळ आणि वर हत्ती हवा असायचा. हत्ती दर वेळी मिळायचा नाही. आम्ही मिळायचो.

लोकांनी आम्हाला कशाकशाला बोलावलं! एका शेतकऱ्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. गावापासून अमरावतीच्या बाजारापर्यंत बैलांपुढे सनई वाजली पाहिजे म्हणाला. सुकाजी म्हणाला, मी बैलांपुढे चालणार नाही. तेव्हा आम्हाला गाडीतच चढवलं, मोकळ्या कापसाच्या ढिगावर. चाकं फिरली तसे आम्ही खाली जायला लागलो. पहिल्या ओढ्यापर्यंत कमरेपर्यंत गेलो, पुढच्या गावी आमचा संबळवाला किसना संबळासकट दिसेना, नुसता आतून धबधब आवाज यायचा. मी कापसातूनच सूर धरला होता. सुकाजीचं डोकं आणि सनई तेवढी वर, आणि तो असा काही वाजवत होता की शेतात वेचणी करणाऱ्या बाया ओटी धरून बांधावर धावत आल्या आणि पांढऱ्या ढिगातून वाजणारं डोकं बघून हसून हसून खाली बसल्या. त्यानंतर चार दिवस आम्हाला शिंकेतून सरकी यायची.

अकोल्याच्या एका व्यापाऱ्यानं आपला कापूस विकताना सनई लावली होती. तिथे दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचे. तोंडानं बोलायचं नाही, म्हणजे शेजारच्याला कळू नये. सुकाजी त्यांच्या समोर बसला होता. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, तो त्यांचे खांदे बघत होता. भाव चढला की एका दलालाचा खांदा जरासा हलायचा आणि सुकाजी एक स्वर वर जायचा. भाव उतरला की हा खाली. अर्ध्या घटकेत सगळ्या बाजाराला कळलं. लोक काम टाकून ऐकायला उभे. त्यानं वर जाऊन एक स्वर धरून ठेवला तसा मागून कुणीतरी ओरडला, "दे टाकून आता." दलालांनी रुमाल झटकला आणि आम्हाला हाकललं. व्यापारी मात्र इतका खूश, की त्यानं आम्हाला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं.

हे सांगताना मला आजही हसू आवरत नाही, आणि मग आठवतं की ज्याच्यामुळे मी इतका हसलो तो माणूस कसा होता. किसना एका पायानं अधू होता. सुकाजीनं त्याला कधी नावानं हाक मारली नाही, त्या पायावरूनच मारली, आणि पुढे चालून मुद्दाम मागे वळून बघायचा. कुण्या म्हातारीनं कौतुकानं आणून दिलेली तुपाची पोळी गार आहे म्हणून त्यानं तिच्या देखत कुत्र्याला टाकली. दुसऱ्यानं बसवलेली चाल तो एकदा ऐकायचा, घरी येऊन तिचं सोनं करायचा, आणि मग ज्याची होती त्यालाच भर सभेत चोर म्हणायचा.

त्याचा सगळ्यात वाईट डाव वेगळाच होता आणि त्यात मी सामील होतो. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, की त्या क्षणी वाजंत्र्यांनी एकदम उसळायचं असतं. वाजलं नाही तर अपशकुन. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की सुकाजी सनई मांडीवर ठेवायचा आणि छताकडे बघायचा. मी सूर चालूच ठेवायचा, तशी त्याची ताकीद होती. नुसता सूर ऐकत राहिलं की माणसाच्या पोटात ओढ लागते, आता पुढे काहीतरी यायलाच हवं असं वाटतं. मुलीचा बाप हात जोडून धावत यायचा. शेला, अंगठी, जे मागेल ते द्यायचा. मग सुकाजी सनई उचलायचा आणि असा वाजवायचा, की तोच बाप डोळे पुसत म्हणायचा, दिलं ते थोडंच झालं. मी कित्येक बापांना असं घाम फुटेपर्यंत टांगून धरलं आहे.

आणि राघो. राघो त्याचा शिष्य, पंचविशीचा, पाण्यासारखा निर्मळ. अकोल्यात एका नव्या हवेलीच्या वास्तूला त्याला पहिल्यांदा एकट्यानं वाजवायचं होतं. सनईच्या तोंडाशी ताडाच्या पानाची पत्ती असते. सनईचा सगळा जीव त्या पत्तीत. सुकाजी सकाळी म्हणाला, आण बघू तुझी पत्ती. राघोनं कौतुकानं दिली. सुकाजीनं उजेडात धरली, अंगठ्याचं नख तिच्यावरून एकदाच फिरवलं, आणि छान आहे म्हणून परत दिली. ते नख मी बघितलं. दुपारी राघो खालच्या स्वरांत सुंदर वाजला, आणि वर गेला की सनई फाटायची. लोक हसले. तो पुन्हा वर गेला, पुन्हा फाटली. त्यानंतर सुकाजीनं त्याच जागी बसून तेच वाजवलं. मी सूर धरला होता. काय वाजवलं म्हणता! मी शपथेवर सांगतो, राघोसुद्धा मान डोलवत होता. राघो नंतर अकोल्यातच राहिला, छोट्या लग्नांत वाजवायचा, पण वरच्या स्वरावर थांबायला तो कायमचा भ्यायला. मी त्याला नखाचं सांगितलं नाही.

आगगाडी आली तेव्हाची गोष्ट मात्र मला मास्तरांनी नको म्हटलं तरी सांगायचीच आहे. बडनेऱ्याला गाडी सुरू झाली होती आणि एका व्यापाऱ्याला त्याच्या कापसाच्या गाठी पहिल्यांदा गाडीतून जाताना वाजतगाजत पाठवायच्या होत्या. आम्ही फलाटावर बसलो. मी इंजिन पहिल्यांदाच बघत होतो. ते असं धापा टाकत होतं की मला वाटलं, ह्याला नाकानं श्वास घ्यायला कुणी शिकवलेलं नाही. सुकाजीनं वाजवायला सुरुवात केली आणि इंजिननं शिटी दिली. लोक कानांवर हात ठेवून मागे सरले. सुकाजी थांबला, डोळे मिटले, मान तिरकी केली. शिटी पुन्हा झाली. त्यानं पत्ती बदलली, ओठांत जराशी ओली केली, आणि माझ्याकडे हात केला.

"महाद्या, तू थांब. आज सूर तो धरून राहिला."

आणि शिटीवर वाजवायला लागला! इंजिनवरचा गोरा आधी दचकला, मग वाकून बघायला लागला, मग त्याला कळलं. त्यानं दोरी ओढली ती सोडलीच नाही. वाफेचा तो एक लांबलचक सूर आणि त्याच्यावर सुकाजी, वर, आणखी वर, हमाल डोक्यावरच्या ओझ्यासकट नाचताहेत, आणि टेशनचा बाबू टोपी हातात घेऊन इंजिनाकडे धावतोय की वाफ संपली तर गाडी जाणार कशी. मी माझी सनई मांडीवर ठेवून लहान मुलासारखा टाळ्या पिटत होतो. माझं काम एका यंत्रानं घेतलं होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. गाडी हलली तशी सुकाजी फलाटावरून तिच्याबरोबर चालत गेला, वाजवत. परत येऊन त्यानं पहिलं काम काय केलं, तर किसनाला लाथ घातली. संबळ मध्येच थांबला होता म्हणून.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. कापसाचे भाव उतरले होते, हत्ती बंद झाले होते. एका सकाळी सुकाजी घरी नसताना एक बाई माझ्याकडे आली. अकोल्याहून गाडीनं आली होती. चाळिशीच्या आतबाहेर, नेसणं नेटकं, हातांना घट्टे. मी गोदा, म्हणाली. मी उठून उभा राहिलो.

गोदावयनी म्हणजे सुकाजीची बायको. हे अमरावतीत फार थोड्यांना माहीत होतं. मुलगी सव्वा महिन्याची असताना सुकाजी घर सोडून आला होता. का आला ते तो आम्हाला विनोद म्हणून सांगायचा. म्हणायचा, पोरगी बेसूर रडायची. वयनी भावाच्या आधारानं अकोल्यात राहिली, कापसातून सरकी वेगळी करायचा रेचा फिरवला. तेजीच्या वर्षांत रेचा फिरवणाऱ्या हातांना मान आला होता. त्यावर तिनं मुलगी वाढवली, आणि आता मुलीचं लग्न ठरवलं होतं.

मला वाटलं, नवऱ्याला बोलवायला आली. ती म्हणाली, सनई ठरवायला आले. मुहूर्त दुपारचा आहे, तुमचा ताफा हवा. बिदागी बाकीचे देतात ती देईन. आमच्या लोकांत आपसांतल्या लग्नात बिदागी घेऊन कुणी वाजवत नाही. नवऱ्याला पैसे देऊन मुलीच्या लग्नात वाजवायला बोलावणं म्हणजे तू आमचा कुणी नाहीस असं चार लोकांत सांगणं. मी म्हटलं, वयनी, राघो तिथेच आहे, भला आहे, तो घरचं कार्य समजून वाजवेल.

"राघो चांगला मानूस हाय," ती म्हणाली. "मले चांगला मानूस नाई पायजे, महादूभाऊ. चांगली सनई पायजे. माह्या पोरीच्या लग्नात वऱ्हाडात वाजते तेच्यातली सगळ्यात चांगली वाजली पायजे. ती ज्याच्याजवळ हाय त्याले मी काय करू?"

तिच्या अटी सरळ होत्या. वाजंत्र्यानं वाजंत्र्यांच्या जागी बसायचं, वाजंत्र्यांच्या पंगतीत जेवायचं, मांडवात यायचं नाही, मुलीशी बोलायचं नाही. मी सुकाजीला सांगितलं तेव्हा मला वाटलं तो माझं डोकं फोडेल. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, ठीक आहे, जाऊ. आणि आठ दिवस त्यानं मुलीच्या पाठवणीची चाल अशी घोटली की शेजारच्या घरातल्या सासुरवाशिणी उगाचच रडायला लागल्या.

अकोल्याला मांडव छोटासा पण टापटीप होता. सकाळपासून सुकाजी सभ्यपणानं वाजवत होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दुपारी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटचं मंगलाष्टक आलं आणि त्यानं सनई मांडीवर ठेवली.

मी सूर धरलेला. नुसता सूर. मांडवात माना वळल्या. वयनीचा भाऊ धावत आला, कन्यादानाला तोच बसणार होता. सुकाजी त्याच्याकडे न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कन्यादान बापानं करा लागते. माही जागा आत हाय. आत घ्या, मंग वाजवतो."

भटजी शेवटची ओळ ताणत राहिले, पण ओळ किती ताणणार? नवरदेवाकडचे कुजबुजायला लागले. त्यांना बापाचं काही माहीत नव्हतं. अंतरपाटाआड मुलगी हार धरून उभी होती, तिचे हात दिसत होते. मला त्या क्षणी माझ्या सुराची किळस आली.

वयनी बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती आमच्यासमोर उभी राहिली, आवाज चढवला नाही.

"उस्ताद, ठरलं तसं वाजवा, नाईतर उठा."

सुकाजी छताकडे बघत राहिला. तेव्हा ती पाहुण्यांकडे वळली आणि राघोला हाक मारली. राघो लग्नाला आला होता, मागच्या रांगेत बसला होता. तो उठला. घाबरलेला होता. किसनाच्या पिशवीत आमची जादा सनई असायची, ती त्यानं घेतली, माझ्याजवळ बसला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या सुराशिवाय त्याला उभं राहायला जागा नव्हती.

सुकाजीनं मान वळवली. "महाद्या, सूर सोड."

मी बावीस वर्षं त्याच्यामागे बसलो त्यातलं हे एकच काम मी मान ताठ ठेवून सांगू शकतो. मी सूर सोडला नाही. गाल दुखेपर्यंत फुगवले आणि अजून जोरात धरला. अक्षता पडल्या आणि राघो वाजवायला लागला.

तो साधा वाजला, स्वच्छ वाजला, लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. हार पडले. किसनानं संबळावर अशी थाप मारली की कित्येक वर्षांचा राग त्यात होता. मग राघो वर गेला. वरच्या स्वरावर आल्याबरोबर तो भ्यायला, आणि स्वर केसभर उतरला. मांडवात ते कुणालाच कळलं नाही. सुकाजीला दाढ ठणकल्यासारखं झालं. राघो पुन्हा वर गेला, पुन्हा तेवढाच उतरला. सुकाजीनं डोळे मिटले, मुठी आवळल्या. तिसऱ्यांदा तो कळवळला. चौथ्यांदा राघो वर निघाला आणि सुकाजीनं सनई उचलली.

त्याला मुलीची दया आली असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. त्याच्यानं तो उतरलेला स्वर ऐकवेना, एवढंच. त्यानं खालून येऊन राघोच्या स्वराला हात दिला आणि जागेवर नेऊन बसवला. राघोनं दचकून बघितलं, पण थांबला नाही. मग दोन सनया एका सुरावर चालल्या, एक भली आणि एक अशी की काय सांगू! एक पळायची, दुसरी धापा टाकत मागे, मग पहिली थांबून वळायची आणि दुसरीला खांद्यावर घेऊन पुन्हा सुटायची. भटजी पोथी विसरले. नवरदेवाचा बाप फेटा काढून गुडघ्यावर ताल धरत होता. वाढपी पाट उचलायला आले होते ते पाटांवरच बसले. मी सूर धरून हसत होतो. आणि सूर धरून हसता येत नाही, हे तुम्हाला मी आधी सांगितलंच आहे, पण त्या दिवशी आलं. वयनी खांबाला टेकून रडत होती. मी तिच्याकडे बघतोय हे बघून तिनं पदरानं तोंड पुसलं.

"अजूनई रडवते मेला," म्हणाली, आणि तिला हसू आलं.

कन्यादान मामानं केलं. सुकाजी बाहेरच बसला. वाजंत्र्यांच्या पंगतीत जेवला, वरण पातळ आहे म्हणाला.

पाठवणीला त्यानं आठ दिवस घोटलेली चाल वाजवली. त्या चालीबद्दल मी बोलत नाही. गाडी जुंपली होती, मुलगी सगळ्यांच्या पाया पडत पडत आली. आमच्यासमोर आली आणि थांबली. तिला माहीत होतं. सुकाजीनं वाजवणं थांबवलं, पाय जरासे पुढे घेतले. ती वाकली. तिनं त्याच्या हातातल्या सनईला दोन्ही हात लावले, ते कपाळाला लावले आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी तो तसाच. मी वाट बघत होतो की आता शिवी येईल. तो म्हणाला, "हाताले कंप नाई पोरीच्या. सनई धरली असती तिनं." आणि पत्ती काढून डबीत ठेवली.

संध्याकाळी विहिरीवर हात धुताना राघो माझ्याजवळ आला. मी त्याला त्या नखाचं सांगून टाकलं. तो म्हणाला, "मले मालूम होतं, भाऊ. पत्तीवर ओरखडा दिसून राहिला होता." मग म्हणाला, तू माझ्याकडे ये. माझ्यामागे आज वाजला तसा सूर कधी वाजला नव्हता. छोटी लग्नं आहेत, पण आपण नीट राहू. मी म्हटलं, सकाळी सांगतो. मला होच म्हणायचं होतं. मी मनात म्हटलंसुद्धा.

सकाळी धर्मशाळेत मी माझं गाठोडं बांधलं आणि निघालो. ओसरीवर सुकाजी एकटाच वाजवत होता. मी त्याच्यामागून पायरीपर्यंत गेलो आणि थांबलो. तो वरच्या स्वरावर जात होता आणि मुद्दाम केसभर उतरत होता. राघोची चूक. तीच, तेवढीच. तिथून तो असा काही वळून खाली येत होता की ती चूक राहिली नव्हती, माणूस काहीतरी बोलता बोलता थांबतो तसं काहीतरी झालं होतं. असं सनईत मी कधी ऐकलं नव्हतं. तो पुन्हा वर गेला, पुन्हा उतरला. त्याला टेकायला जागा नव्हती, मागे सूर नव्हता. त्यानं मागे वळून बघितलं नाही.

मी गाठोडं खाली ठेवलं, माझी सनई काढली, आणि त्याच्या मागे, जरा डाव्या हाताला जाऊन बसलो.

राघो माझ्या वाटणीची भाकर झाकून ठेवून दुपारपर्यंत थांबला होता, हे मला पुढे खूप वर्षांनी त्याच्या बायकोनं सांगितलं.